गावाबाहेर म्हणजे कुठे?
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर : तीन शहरांच्या कचऱ्याची गोष्ट

बदलापूरच्या एका शाळेत सहावीच्या मुलांना आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता. घरातला केर शेवटी कुठे जातो? "घंटागाडीत," असे सगळे एका सुरात म्हणाले. आणि गाडी कुठे जाते? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने सांगितले, "गावाबाहेर." उत्तर वर्गाला पटले. आम्ही फळ्यावर रेल्वेची रेघ ओढली, उल्हास नदीचे वळण काढले, स्टेशनाची खूण केली आणि 'गावाबाहेर' नेमके कुठे ते दाखवायला सांगितले. मुलगा खडू घेऊन आला आणि फळ्याच्या कडेला एक गोल काढून गेला. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तिथे तर आमची बिल्डिंग आहे."

या लेखात जे सांगायचे आहे ते या वाक्यात जवळजवळ येऊन जाते. झपाट्याने वाढणाऱ्या शहराच्या कचऱ्याचा इतिहास म्हणजे 'गावाबाहेर' ही जागा कशी सरकत गेली आणि शेवटी कशी संपली याचा इतिहास असतो. कल्याणच्या पुढची आपली तीन शहरे त्याचे चांगले उदाहरण आहेत, कारण इथे हे सगळे अवघ्या पाऊणशे वर्षांत घडले आणि ते पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत.

उकिरडा आणि बराक

उकिरडा हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. पण बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते अशी म्हण आपल्याकडे आहे, ती उगाच नाही. जुन्या गावातला उकिरडा ही टाकून देण्याची जागा नव्हती, ती साठवण्याची जागा होती. शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख, भाजीची देठे, पालापाचोळा असे सगळे तिथे पडे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गाडीत भरून शेतावर जाई. त्यात न कुजणारे असे काही नसेच. फुटके मडके, एखादी काच, झिजलेला पत्रा, एवढेच. कापडाच्या चिंध्यांची गोधडी होई. म्हणजे उकिरड्याची दैना दर वर्षीच फिटत असे. बारा वर्षे थांबावे लागत नव्हते. गावांना फार मोठी स्वच्छतेची जाण होती असे आम्हाला म्हणायचे नाही. गावातल्या घाणीचे काम एका जातीच्या माथी मारून बाकीचे नामानिराळे राहत, हेही त्याच गावांत चालत होते. पण केराचे चक्र पुरे होत होते, एवढे खरे.

हे चक्र आपल्या भागात जिथे एका फटक्यात तुटले ती जागा म्हणजे कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराने मोठी छावणी उभारली. सुमारे सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे राहतील अशा बेताने दोन हजारांवर बराकी बांधल्या गेल्या. छावणीचा केर ही लष्करी शिस्तीची बाब असते: ठरलेल्या वेळी गोळा करायचा, ठरलेल्या खड्ड्यात पुरायचा किंवा जाळायचा. युद्ध संपले, लष्कर गेले. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या रिकाम्या बराकींत आणून ठेवण्यात आले. त्यांची संख्या ९० हजारांच्या वर होती. छत्तीस हजारांच्या मापाने बेतलेल्या जागेत अडीचपट माणसे, आणि तीही शिस्तीतले जवान नव्हेत, तर घरदार गमावून आलेली कुटुंबे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले.

या निर्वासितांच्या उद्योगीपणाच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. गोणपाटाचा पडदा लावून एका बराकीची अनेक घरे झाली, घराच्या पुढच्या भागात दुकान झाले, मागच्या भागात कारखाना. मात्र या वसाहतीला एक गोष्ट जन्मापासूनच नव्हती. तिला शेत नव्हते. उकिरड्याला शेत लागते. लाखभर माणसांचा केर ज्या मातीत परत जावा अशी मातीच या गावाच्या हद्दीत नव्हती. उल्हासनगरचे क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत तिथे ५ लाख ६ हजार माणसे होती, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये ३८ हजारांच्या आसपास. 'बाहेर' नसलेले शहर म्हणतात ते हेच.

रेल्वेची दोन गावे

अंबरनाथ आणि बदलापूर यांची कथा वेगळी. अंबरनाथला वालधुनीच्या काठी अकराव्या शतकातले शिवमंदिर आहे, तेव्हा वस्ती जुनीच. पण शहर घडवले ते कारखान्यांनी. १९२० च्या दशकात आलेला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, मग शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना, पुढे औद्योगिक वसाहती. बदलापूर त्यामानाने उशिरा जागे झाले. मुंबईत घर परवडेना, डोंबिवलीतही परवडेना, तेव्हा माणसे आणखी दोन-चार स्टेशने पुढे आली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १९९१ साली सुमारे ५२ हजार होती, २००१ साली सुमारे ९८ हजार आणि २०११ साली १ लाख ७४ हजार. दर दहा वर्षांनी जवळजवळ दुप्पट. त्यानंतर किती भर पडली हे सकाळच्या लोकलमध्ये शिरायचा प्रयत्न करणाऱ्याला विचारावे.

कारभाराची गंमत अशी की १९८३ साली अंबरनाथ आणि बदलापूर ही दोन्ही गावे नव्या कल्याण महानगरपालिकेत घातली गेली, आणि १९९२ साली पुन्हा बाहेर काढून त्यांच्या वेगळ्या नगरपालिका झाल्या. उल्हासनगरची नगरपालिका होती, तिची १९९६ साली महानगरपालिका झाली. नद्यांना आणि वाऱ्याला या हद्दी माहीत नसतात. वालधुनी अंबरनाथच्या वरच्या डोंगरातून निघते, मंदिराजवळून उल्हासनगरात शिरते आणि कल्याणला खाडीत मिळते. उल्हास नदी बदलापूरहून खाली येते आणि तिचे पाणी वाटेत ठिकठिकाणी उचलून लाखो लोक पितात. एका गावाचा 'बाहेर' दुसऱ्या गावाचा 'आत' असतो, आणि ते दुसरे गाव बहुधा उताराच्या दिशेला असते.

हे आपल्याच वाट्याला आले असे नाही. आपल्या आधी मुंबईने हेच केले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तोवर शहरातला केर सखल खाजणांत भराव म्हणून टाकला जाई आणि त्या भरावावर वस्ती उठे. प्लेगनंतर केर दूर न्यायचे ठरले. त्यासाठी रेल्वे वापरली गेली. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली बांधला गेला तो मुळात कचरा वाहण्यासाठी. त्यावर प्रवासी गाडी धावली ती १९२४ साली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. तेव्हा देवनार हे खरोखरच गावाबाहेर होते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला आणि शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा ते मुंबईच्या मध्यावर होते म्हटले तरी चालेल. मग मुंबईने आपला कचरा टाकण्यासाठी नवी जागा पाहिली ती करवले या गावी, तळोजाजवळ. हे गाव अंबरनाथ तालुक्यात येते! आपण ज्याला गावाबाहेर म्हणतो त्याला मुंबईही गावाबाहेर म्हणत होती. तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला यात नवल काहीच नाही.

यशवंत वाडांचा ढीग

आता थोडे मागे जाऊ. कुजणाऱ्या कचऱ्याचे काय करावे हे कोणाला माहीत नव्हते का? होते, आणि ते इथेच, भारतातच शोधले गेले होते. इंदूरच्या कृषिसंशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खत कुजवण्याची एक शिस्तशीर पद्धत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर पोचली. १९३१ साली त्यांनी त्यावर जे पुस्तक लिहिले त्यावर दोघांचीही नावे आहेत. पुढे जगाने हॉवर्डना लक्षात ठेवले आणि वाडांना विसरले. असो.

पद्धत समजायला सोपी आहे. कुजवण्याचे काम जीवाणू आणि बुरशी करतात. त्यांना शरीर बांधायला नायट्रोजन लागतो आणि इंधन म्हणून कार्बन. नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे सुमारे तीस भाग असले की काम वेगाने चालते. भाजीच्या सालींत व शेणात नायट्रोजन जास्त, वाळलेल्या पानांत आणि काडीकचऱ्यात कार्बन जास्त. म्हणून दोन्हींचे थर. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला हवा. अधूनमधून उलथला पाहिजे, म्हणजे आत हवा जाते. असे केले की ढिगाच्या पोटातले तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर चढते. या उष्णतेत माशांच्या अळ्या आणि बहुतेक रोगजंतू मरतात. दोन-तीन महिन्यांत मूळ वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत उरते.

१९३९ साली बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी शहरांसाठी दुसरी पद्धत सुचवली: चरांत केर आणि मैला यांचे थर देऊन झाकून टाकायचे. देशातल्या अनेक नगरपालिकांनी असे खत केले आणि विकले. आपल्याकडे त्याला सोनखत म्हणत. गावोगावी नगरपालिकांचे खत-डेपो होते. आज आपण 'कचरा डेपो' म्हणतो. शब्दातला फक्त पहिला अर्धा भाग बदलला, पण इतिहास सगळा त्यात आहे.

तो का बदलला? एक कारण म्हणजे पोत्यात मिळणारे रासायनिक खत. दुसरे, आणि आमच्या मते मोठे, म्हणजे केराचेच बदललेले रूप. प्लॅस्टिकच्या पिशव्या १९८० च्या दशकानंतर घरोघर पोचल्या. मग पाउच आले, थर्माकोल आले, बॅटरीचे सेल आले. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचे कारखाने वाढले तशा कृत्रिम धाग्याच्या कातरणी आल्या. त्यांची गोधडी होत नाही. असे मिसळलेले खत शेतात टाकले की नांगराला पिशव्या अडकू लागल्या आणि शेतकऱ्याने ते घेणे सोडले. केर तोच राहिला असता तर ढीगही तेच राहिले असते. इथे दोष कुजण्याच्या विज्ञानाचा नव्हता. एकत्र करण्याचा होता.

अठरा टँकर

एकत्र केल्याने काय बिघडते, याचे गणित मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. आपल्या शहरांत माणशी रोज ४०० ग्रॅम केर धरणे जास्त होणार नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या वर होते. म्हणजे रोज सुमारे ३७० टन. आपल्याकडच्या मिश्र केरात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते. म्हणजे कचऱ्याच्या गाड्या रोज सुमारे १८५ टन पाणी वाहतात: दहा हजार लिटरचे अठरा टँकर! ज्या सोसायट्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर विकत घेतात, त्याच सोसायट्या भाजीच्या सालींतून पाण्याचे टँकर बाहेर पाठवत असतात, आणि दोन्हींचे डिझेल आपणच भरतो.

जागेचा हिशेबही करून पाहा. एक घनमीटर केराचे वजन अर्धा टन धरले, तर वर्षभराचा केर एक हेक्टर मैदानावर रचल्यास २७ मीटर उंच होईल. नऊ मजली इमारत. दर वर्षी एक.

"मग जाळून टाका की," असे कोणी तरी म्हणतेच. ते करून झाले आहे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करण्याची भट्टी बांधली गेली. ती फार दिवस चालली नाही. ज्या उष्मामूल्याच्या कचऱ्यासाठी ती बांधली होती, त्याच्या निम्म्याच्या आसपासच उष्णता दिल्लीच्या कचऱ्यातून निघत होती. कारण सातवीच्या पुस्तकातले आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेहून अधिक किलोकॅलरी लागतात. किलोभर कचऱ्यात अर्धा किलो पाणी असेल तर तीनशे किलोकॅलरी त्यालाच वाळवण्यात जातात, आणि सालींबरोबर आलेली माती व राख तर जळतच नाही. युरोपातल्या कचऱ्यात कागद आणि वेष्टने जास्त, आपल्या कचऱ्यात भाजीची देठे आणि चहाचा चोथा. भट्टी आयात करता येते, केर आयात करता येत नाही.

जाळायचे नाही, कुजवायचे नाही, तर उरते टाकणे. टाकलेला ओला केर थरांखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. मग हवेशिवाय जगणारे जीवाणू काम हाती घेतात आणि मिथेन वायू तयार होतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असले की ठिणगी पुरते. कचराभूमीची आग वरून विझवली तरी आतून धुमसत राहते ती यामुळे. ढिगातून झिरपणारे काळे पाणी ही दुसरी गोष्ट. कुजताना तयार झालेली आम्ले धातू विरघळवतात आणि सेल, रंगाचे डबे, ट्यूबलाइट यांतले जे काही असेल ते घेऊन पाणी खाली उतरते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने या ढिगांवर धो धो पाऊस पडतो आणि खालचा काळा कातळ भेगांचा आहे, हे भूगोलाच्या शिक्षकांना सांगायला नको.

आणि माशी. घरमाशीची आळी उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत वाढ पुरी करते आणि कोष करण्यासाठी कचऱ्यातून निघून शेजारच्या कोरड्या मातीत शिरते. म्हणजे केर निदान आठवड्यातून दोनदा, आणि तळापर्यंत, उचललाच पाहिजे. नाहीतर गाडी कचरा नेते आणि माश्या मागे ठेवते. चौकाचौकातल्या सिमेंटच्या जुन्या कचराकुंड्यांचा तळ कधीच रिकामा होत नसे. घंटागाडी ही त्यामुळे खरी सुधारणा होती. १९९० च्या दशकात नाशिकची घंटागाडी राज्यभर गाजली, आणि २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन केर गोळा करणे सगळ्याच शहरांना बंधनकारक केले. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून हे नियम आले. त्यांत ओला-सुका वेगळा करण्याचे होते, २०१६ च्या नियमांत ते आणखी स्पष्टपणे आले. नियम नवाही नाही म्हणा. पॅरिसमध्ये १८८३ साली प्रशासक युजीन पुबेल यांनी घरमालकांना तीन वेगळे डबे ठेवायचा हुकूम काढला होता: कुजणाऱ्याला एक, कागद-कापडाला एक, काच-कवड्यांना एक. तिथे डबा रूढ झाला, आणि फ्रेंच भाषेत त्याला आजही पुबेलच म्हणतात. तीन डबे मात्र रूढ झाले नाहीत.

आपल्याकडे तरी काय झाले? गोळा करण्याची सुधारणा झाली, वेगळे करण्याची झाली नाही. घरात दोन डबे ठेवणारी गृहिणी खिडकीतून पाहते, तर खाली गाडीत दोन्ही डबे एकाच हौद्यात उलटे होत असतात. एकदा हे पाहिले की दुसरा डबा चपलांच्या कपाटात जातो. यात आळस फक्त घराचा नाही.

सरकत गेलेल्या जागा

त्यामुळे केर पूर्वीपेक्षा वेळेवर उचलला जाऊ लागला आणि पूर्वीसारखाच टाकला जाऊ लागला. उल्हासनगरचा केर आधी म्हारळजवळच्या राणा खदानीत पडे. ती डोंगरासारखी भरल्यावर कॅम्प ५ च्या बाजूला नवी जागा झाली, आणि तिथल्या लोकांनी तक्रारी सुरू केल्या. मग अंबरनाथ तालुक्यातल्याच उसाटणे गावची जमीन पुढे आली. तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला. अंबरनाथचा केर चिखलोलीच्या बाजूला पडू लागला तेव्हा तिथे माळ होता; पाहता पाहता आजूबाजूला इमारती उठल्या आणि धुराच्या तक्रारी आल्या. बदलापूरचा वालिवलीला जातो. शेजारी कल्याणला आधारवाडीचा ढीग तर शहराच्या वेशीवरच उभा होता. केराची व्यवस्था नाही म्हणून एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या बांधकामांनाच स्थगिती दिली होती. 'इमारती आधी की केराची सोय आधी' हा प्रश्न न्यायालयाने विचारावा लागला, नगररचनाकारांनी नाही.

जिथे हा प्रश्न कोणीच विचारत नाही तिथे काय होते ते आफ्रिकेतल्या दोन शहरांनी पाहिले. इथिओपियात अदिस अबाबा येथे कोशे नावाच्या कचराडोंगराचा कडा मार्च २०१७ मध्ये कोसळला आणि शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. युगांडात कंपाला शहराचा किटीझीचा ढीग ऑगस्ट २०२४ मध्ये, पावसानंतर, घसरला. तीसहून अधिक माणसे मेली. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांत ढिगाच्या पायथ्याशी राहणारी गरीब कुटुंबे होती. ओल्या कचऱ्याचा उंच ढीग ही भूमितीची आणि घर्षणाची बाब आहे, तो कोणत्याही देशात तसाच घसरतो.

तिसरे आफ्रिकी शहर वेगळ्या कारणासाठी सांगण्यासारखे. इजिप्तमध्ये कैरोला 'झब्बालीन' म्हणजे केरवाले लोक आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून खेड्यांतून आलेली ही कुटुंबे घरोघरचा केर गाढवाच्या गाडीतून आपल्या वस्तीत नेत, कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक निवडून विकत आणि उरलेला ओला केर डुकरांना घालत. २००३ च्या सुमारास सरकारने परदेशी कंपन्यांना कंत्राटे दिली. २००९ साली स्वाइन फ्लूच्या धास्तीने देशातली सगळी डुकरे मारून टाकली. तो आजार तिथे डुकरांमुळे पसरत नव्हता. पण डुकरे गेली आणि ओल्या केराचा धनी गेला. झब्बालीनांनी तो उचलणे सोडले आणि कैरोच्या रस्त्यांवर ढीग लागले. प्रश्न ओल्याचा असतो, सुक्याचा कोणी ना कोणी धनी भेटतोच, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोठल्या शहराने दाखवलेले नाही.

आपल्याकडचे झब्बालीन म्हणजे कचरावेचक बायका. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली, आणि तिच्यातून पुढे घरोघरचा केर वेगळा घेणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. केराला हात लावणाऱ्या बाईला ओळखपत्र, हातमोजे आणि 'ताई' ही हाक मिळाली. आपल्या तीन शहरांत कंत्राटी सफाई कामगार अजून ओल्या-सुक्याच्या चिखलात हात घालून काच निवडतो. वर्गीकरणाबद्दल बोलताना आपण पर्यावरण म्हणतो, खत म्हणतो. आम्हाला त्याचे पहिले कारण त्या हातावरची कापल्याची खूण वाटते.

वेंगुर्ल्याहून कल्याणला

मोठ्या शहराने काय करावे हे एका छोट्या गावातून आले. २०१५ च्या सुमारास वेंगुर्ला नगरपरिषदेत रामदास कोकरे हे मुख्याधिकारी होते. त्यांनी वेगळा केलेलाच केर उचलायचा, मिसळलेला उचलायचाच नाही, असे ठरवले आणि ते पाळले. सुका केर वीसहून अधिक प्रकारांत निवडून विकला जाऊ लागला, ओल्यापासून खत आणि बायोगॅस होऊ लागला, आणि जिथे कचऱ्याचा ढीग होता तिथे लोक फिरायला येऊ लागले. वेंगुर्ल्याची लोकसंख्या जेमतेम १२ हजार; मोठ्या शहरात हे जमणार नाही, असे तेव्हा सगळे म्हणाले. पुढे कर्जत, माथेरान करून कोकरे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत उपायुक्त म्हणून आले. तिथेही, मे २०२० पासून, मिसळलेला केर न उचलण्याची तीच अट. घरोघरी भांडणे झाली, काही दिवस सोसायट्यांच्या दारात पिशव्या पडून राहिल्या. पण मे २०२१ मध्ये आधारवाडीला नवा केर टाकणे बंद झाले. वर्षानुवर्षांच्या बैठकांनी जे झाले नव्हते ते एका अटीने झाले, असे म्हणावेसे वाटते. मात्र तेवढेच म्हणणे खरे नाही. ओल्याचे काय करायचे त्याचे प्रकल्प तोवर उभे राहिले होते. ती सोय नसती तर अट टिकली नसती. जुना ढीग हलवणे हे काम तर स्वतंत्र आणि महाग. तो चाळून माती, प्लॅस्टिक, दगड वेगळे करावे लागतात. वर्षानुवर्षे जे एकत्र केले ते शेवटी वेगळे करावेच लागते, फक्त शंभरपट खर्चाने.

आपल्या तीन शहरांसाठी मिळून एकच प्रकल्प वालिवली येथे करण्याचे ठरले. तीन हद्दींनी एकत्र विचार केला ही चांगली गोष्ट आहे. पण आम्हाला एक शंका आहे, ती लिहून ठेवतो. केर तिन्ही शहरांतून मिसळलेलाच तिथे पोचला, तर यंत्रे कोणतीही असोत, ते अठरा टँकर तिथे रिकामे होणार आणि वालिवलीच्या भोवतीही आता घरे आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. मातीची दोन मडकी घ्या, दोघांच्या बुडाला भोके पाडा, खाली बशी ठेवा. एकात भाजीच्या साली, वाळलेला पाला आणि मूठभर जुने शेणखत थराथराने भरा. दोन दिवसांनी काडीने हलवा. दुसऱ्यात तेवढ्याच साली प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टने आणि कागदाचे बोळे यांच्यात मिसळून दाबून भरा, हलवू नका. रोज तापमान, वास आणि बशीतले पाणी यांची नोंद ठेवा. मडकी लहान असल्याने तापमान साठापर्यंत चढणार नाही. नोंद तरीही ठेवावी. सेल किंवा औषधे मात्र मडक्यात घालू नयेत, आणि हात धुण्याविषयी मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

बदलापूरच्या त्या शाळेत आम्ही हा प्रयोग केला. पहिल्या मडक्यातले खत मुलांनी कुंडीतल्या गोकर्णाला घातले. दुसऱ्या मडक्याखालच्या बशीत काळे पाणी साचले होते, ते कुठे ओतायचे यावर बराच वाद झाला. बागेत नको, बेसिनमध्ये नको, गटारात तर नकोच, कारण ते नदीला जाते हे आता सगळ्यांना माहीत होते. शेवटी कोणी तरी "कुंपणाबाहेर" असे म्हणाले आणि मागच्या बाकावरची ती मुलगी हसली. ते पाणी आम्ही बाटलीत भरून, चिठ्ठी चिकटवून, प्रयोगशाळेच्या फडताळात ठेवले. ते अजून तिथेच आहे.